रागाचा रकाना कुठल्या रजिस्टरात?

(फुलसावंगी, ता. महागाव इथल्या तरुणांपुढं केलेलं भाषण)



बेड्यावरची पोरं मागं का उभी? या, पुढं बसा. मागं उभं राहायची सवय पोलीस स्टेशनात लागते, इथं तिची गरज नाही.

जेलवाले म्हणतात, आदिवासी, भटका कैदी फार रागीट. आहेच! 1871 साली इंग्रजानं कायद्यानं अख्ख्या जमाती गुन्हेगार ठरवल्या. सोलापुरात तारेच्या कुंपणाआड माणसं कोंडली, हजेरी लावली. 31 ऑगस्ट 1952 ला तो शिक्का पुसला म्हणे. 1959 ला मुंबई राज्याचा सराईत गुन्हेगारांचा कायदा हजर. पाटी बदलली, दुकान तेच.

2003 साली नाशिक जिल्ह्यात दरोडा, बलात्कार, खून झाले. गुन्हा भयंकर, त्यात दुमत नाही. पण धरले कोण? भटक्या जमातीतले सहा मजूर. वाचलेल्या साक्षीदारानं पोलिसांकडच्या फोटोंतून दुसरेच चौघं ओळखले होते. ते दाबलं गेलं. 2006 ला सहाही जणांना फाशी. 2009 ला सर्वोच्च न्यायालयानं सहाही जणांची फाशी पक्की केली. त्यातला एक तर गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन! 5 मार्च 2019 ला त्याच न्यायालयानं सगळ्यांना निर्दोष ठरवलं. माणशी 5 लाख भरपाई. सोळा वर्षांचे पाच लाख, हिशोब तुम्हीच करा. फाशी यार्डात रात्री बूट वाजला की पोटात गोळा येतो. सुटल्यावरही तो बूट कानातून जात नाही. डॉक्टर याला मानसिक आघात म्हणतात. म्हणू देत. पण घाव घालणाऱ्याचं नाव केसपेपरवर कुणी लिहीत नाही. आणि असा माणूस भडकला की शेरा काय? 'वर्तन असमाधानकारक'.

आतली कामंसुद्धा जातीवर. काही राज्यांच्या जेल मॅन्युअलात झाडूकाम मेहतरानं करायचं, असं छापलेलं होतं. सुकन्या शांता या पत्रकार बाईनं ते बाहेर काढलं, कोर्टात नेलं. 3 ऑक्टोबर 2024 ला सर्वोच्च न्यायालयानं असे नियम घटनाबाह्य ठरवले, कैद्यांच्या रजिस्टरातला जातीचा रकाना काढायला सांगितलं. विमुक्तांना जन्मानं सराईत समजणंही मोडीत काढलं.

निकाल कागदावर आहे. देशातल्या तुरुंगांत चारांपैकी तीन कैदी कच्चे. जामीन मंजूर होतो, पण जामीनदार कुठून आणायचा? ना सातबारा, ना घराची पावती.

म्हणून राग थंड करू नका, त्याला अर्जाचा कागद द्या. यवतमाळच्या कारागृहात आपला कुणी असेल, तर उद्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. 1987 च्या कायद्यानं कोठडीतल्या माणसाला फुकट वकील मिळतो. रजिस्टरात जातीचा रकाना अजून आहे का, तेही लेखी विचारा. आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.