कपाटातील विद्या



वसंतातल्या या व्याख्यानांना आपण येता ते देशाचे अर्थकारण, इतिहास, साहित्य अशा मोठ्या विषयांवर काही ऐकण्यासाठी. त्या मानाने आमचा आजचा विषय अगदीच घरगुती वाटेल. महाविद्यालयांत मानसशास्त्र शिकविणाऱ्या आम्हां शिक्षकांनी आपापली टिपणे, प्रयोगांच्या कृती, तक्ते आणि प्रश्नसंच एकमेकांना द्यावेत की आपापल्या कपाटात ठेवावेत, एवढाच तो प्रश्न आहे. "मग हे तुमच्या शिक्षकांच्या खोलीत बसून ठरवा, आम्हांला का सांगता?" असे कोणी म्हणेल. त्याला उत्तर असे की, आमच्या कपाटात जे असते तेच आपली मुले वर्गातून घरी आणतात. माणसाचे मन कसे चालते, शेजारी कसा वागतो, वेडेपणा म्हणजे काय, याविषयीच्या गावाच्या समजुती काही अंशी आमच्या टिपणांतून घडतात. ती टिपणे खरी आहेत की खोटी, याची चौकशी करण्याचा आपल्याला अधिकार आहे.

प्रथम आमची स्थिती सांगतो. तालुक्याच्या ठिकाणच्या कित्येक महाविद्यालयांत या विषयाचे एकदोनच शिक्षक असतात. स्मृती, अध्ययन, बुद्धिमत्ता, व्यक्तिमत्त्व, मनोविकार असा सारा प्रांत त्यांनाच सांभाळावा लागतो. 'विस्मरण' कसे शिकवावे याचा विचार एक शिक्षक रात्री जागून करतो, आणि वीस कोसांवर दुसरा शिक्षक त्याच रात्री तोच विचार पहिल्यापासून करीत असतो. दोघांची गाठ पडते ती परीक्षांच्या उत्तरपत्रिका तपासताना, आणि तेव्हा बोलणे निघते ते गुणांचे! पुढे एखादे प्राध्यापक निवृत्त होतात. तीस वर्षांत हळूहळू सुधारीत नेलेली त्यांची टिपणे घरी जातात आणि घर आवरताना रद्दीत जातात. त्यांच्या जागी आलेला तरुण पुन्हा पहिल्या पानापासून आरंभ करतो.

आमच्या शास्त्राची सुरुवात मात्र अशी नव्हती. व्हुंट यांनी १८७९ साली लाइपझिग येथे प्रयोगशाळा काढली, आणि तेथे शिकलेले टिचनर पुढे अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात शिकवू लागले. टिचनर यांनी १९०१ आणि १९०५ या साली प्रायोगिक मानसशास्त्राचे जे पाठ्यग्रंथ प्रसिद्ध केले, त्यांची रचना पाहण्यासारखी आहे. प्रत्येक भागाची दोन पुस्तके, एक विद्यार्थ्याचे आणि दुसरे शिक्षकाचे. प्रयोग शिकविताना जे अनुभवाने कळते ते आपल्यापाशीच न ठेवता दूरच्या, अनोळखी शिक्षकाच्या हाती छापून द्यावे, हा विचार त्यामागे होता. आपल्या देशात १९१६ साली कलकत्ता विद्यापीठात या विषयाचा स्वतंत्र विभाग निघाला, तो हार्वर्डमध्ये शिकून आलेल्या नरेंद्रनाथ सेनगुप्त यांच्या हातून. शास्त्र इथवर आले ते असे हातोहात आले.

अमेरिकेतील शिक्षकांनी ही परंपरा पुढे चालविली. मानसशास्त्र कसे शिकवावे एवढ्याच विषयाला वाहिलेले एक नियतकालिक १९७४ पासून तेथे निघते. मोठे शोध त्यात नसतात. वर्गात अमुक प्रात्यक्षिक केले, ते असे फसले, मग असा बदल केला, अशी हकीकत त्यात असते. अलीकडे आणखी एक पाऊल पडले. २०१४ साली राइस विद्यापीठातील ओपनस्टॅक्स या प्रकल्पाने मानसशास्त्राचे संपूर्ण पाठ्यपुस्तक कोणीही विनामूल्य घ्यावे, मूळ लेखकाचा उल्लेख करून त्यात बदलही करावा, अशा परवान्याने खुले केले. एड डीनर आणि कॅरोल डीनर या प्राध्यापक दांपत्यानेही 'नोबा' या नावाने असाच एक संग्रह उभा केला. आपल्याकडे राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचे पाठ आणि केंद्र सरकारचे २०१७ साली सुरू झालेले 'स्वयम्' हे अभ्यासपीठ आहे. तेव्हा साधनांचा सर्वस्वी दुष्काळ आहे असे आम्ही म्हणत नाही.

येथवर ऐकून आपल्याला वाटेल की, विद्या दिल्याने वाढते हेच जुने सत्य आम्ही सांगत आहोत. पण दिल्याने विद्येबरोबर चूकही वाढते. आमच्याच घरातले एक उदाहरण देतो.

१३ मार्च १९६४ च्या पहाटे न्यूयॉर्क शहरात किटी जेनोव्हीज नावाच्या अठ्ठावीस वर्षांच्या तरुणीचा खून झाला. दोन आठवड्यांनी तेथील एका मोठ्या वर्तमानपत्राने छापले की, अडतीस शेजारी अर्ध्या तासाहून अधिक वेळ हा प्रकार पाहत होते आणि खून होत असताना एकानेही पोलिसांना कळविले नाही. या बातमीने सारा देश हादरला. लाताने आणि डार्ली या दोन मानसशास्त्रज्ञांनी त्यावरून काही उत्तम प्रयोग केले. १९६८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून ध्वनियंत्रावरून बोलावयास लावले होते. बोलता बोलता एकाला झटका आल्यासारखा आवाज ऐकू येई. आपण एकटेच ऐकत आहोत असे ज्यांना वाटत होते, त्यांतील ८५ टक्के आवाज थांबण्यापूर्वी मदतीसाठी उठले. आणखी चौघे ऐकत आहेत असे ज्यांना वाटत होते, त्यांतील केवळ ३१ टक्के उठले. जबाबदारी वाटली गेली की ती प्रत्येकाच्या वाट्याला थोडी येते, हा त्याचा अर्थ.

प्रयोग खरा होता. पण आम्ही वर्गात प्रयोगाआधी गोष्ट सांगत आलो, आणि विद्यार्थ्यांच्या लक्षात राहते ती गोष्टच. ही अडतीस बघ्यांची गोष्ट एका पुस्तकातून दुसऱ्यात, एका शिक्षकाच्या टिपणांतून दुसऱ्याच्या टिपणांत चाळीस वर्षे जात राहिली. अखेर २००७ साली तीन संशोधकांनी न्यायालयातील कागदपत्रे पाहून दाखविले की, अडतीस माणसे खिडकीतून स्वस्थ पाहत होती याला आधारच नाही. एका शेजाऱ्याने ओरडून हल्लेखोराला पहिल्या वेळी पळवून लावले होते. दुसरा हल्ला इमारतीच्या आत झाला, बहुतेकांना तो दिसणेच शक्य नव्हते. एक शेजारीण तर धावत खाली गेली आणि त्या मुलीला तिने जवळ घेतले. २०१६ साली त्या वर्तमानपत्रानेही मूळच्या वृत्तांतातील दोष मान्य केला.

आम्ही ही गोष्ट सांगत होतो तेव्हा तरुणांच्या मनावर काय बिंबवीत होतो? शहरातला शेजारी दगडासारखा असतो, हे! याउलट, रस्त्यांवरील कॅमेऱ्यांनी टिपलेल्या २१९ भांडणांचा एक अभ्यास पुढे झाला. ती ॲमस्टरडॅम, लँकेस्टर आणि केपटाउन या तीन शहरांतील होती. दहांपैकी नऊ प्रसंगांत निदान एक तरी तिऱ्हाईत मध्ये पडला होता, असे त्यात आढळले. संकटात कोणी येत नाही असे शिकलेला मुलगा आणि बहुधा कोणीतरी येतेच असे शिकलेला मुलगा, हे दोघे उद्या आपल्याच रस्त्यावरून चालणार आहेत.

मग साधने वाटू नयेत काय? आमचे म्हणणे नेमके उलट आहे. ती चूक इतकी वर्षे टिकली, कारण साधने हातोहात गेली पण उघड्यावर तपासली गेली नाहीत. कपाटातील टिपणावर कोणी शंका घेत नाही. तेच टिपण पन्नास शिक्षकांसमोर ठेवले आणि प्रत्येक विधानापुढे त्याचा आधार लिहिण्याचा शिरस्ता पाडला, तर कोणीतरी विचारतेच, "हे अडतीस कोणी मोजले?" एकमेकांना देण्याचा खरा लाभ आम्हांला येथे दिसतो. श्रम वाचतात हे खरेच, पण त्याहून मोलाचे हे की आपले टिपण दुसऱ्याच्या नजरेखालून जाते.

दुसरी गोष्ट आमच्या भाषेची. परदेशची साधने फुकट मिळाली तरी ती जशीच्या तशी आमच्या वर्गात चालत नाहीत. स्ट्रूप यांचे १९३५ सालचे प्रात्यक्षिक घ्या. 'लाल' हा शब्द हिरव्या शाईत लिहायचा आणि शाईचा रंग ओळखावयास सांगायचे. वाचण्याची सवय इतकी मुरलेली असते की, जीभ अडखळते. पण हाच तक्ता इंग्रजी शब्दांत, इंग्रजी सावकाश वाचणाऱ्या मुलांपुढे ठेवला तर ती तितकी अडखळत नाहीत आणि प्रयोग फिका पडतो. तोच मराठी शब्दांत केला की वर्ग हसू लागतो आणि विषय समजतो. एबिंगहाउस यांनी स्मृतीच्या अभ्यासासाठी सुमारे २,३०० निरर्थक शब्दावयव तयार केले होते आणि १८८५ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. मराठीत तशी यादी करावयास बसा म्हणजे अडचण कळते. दोन अक्षरे जोडावी तर कोठल्यातरी तालुक्यात त्याला अर्थ असतो! अशी यादी एकट्याने करण्यापेक्षा कोकणातील, वऱ्हाडातील आणि खानदेशातील शिक्षकांनी मिळून तपासावी, हेच शहाणपणाचे.

परिभाषेचेही तसेच आहे. आपल्या मराठी पुस्तकांत 'संवेदन' म्हणजे इंद्रियांनी मिळालेल्या माहितीचा अर्थ लावणे. हिंदी पुस्तकांत त्याच शब्दाने अर्थ लावण्यापूर्वीचा नुसता इंद्रियानुभव दाखवितात, ज्याला आपण 'वेदन' म्हणतो. हिंदी टिपणे वाचून आलेला विद्यार्थी परीक्षेत गोंधळतो आणि गुण गमावतो, त्यात त्याचा काय दोष? शब्दांची दोन ओळींची एक तुलनात्मक यादी शिक्षकांनी एकत्र केली तर हा घोटाळा मिटेल.

देण्यालाही मर्यादा आहेत, त्या सांगितल्या पाहिजेत. मानसशास्त्रीय चाचण्या सर्वांसाठी खुल्या करता येत नाहीत. प्रश्न आधीच ठाऊक असलेल्या माणसाची बुद्धी त्या प्रश्नांनी मोजता येत नाही. रोर्शाक यांची १९२१ सालची शाईच्या डागांची दहा चित्रे २००९ साली विकिपीडियावर सर्वांसमोर आली, तेव्हा यावरून मोठा वाद झाला होता. तसेच, मनाच्या व्यथा घेऊन आलेल्या माणसाची हकीकत, नाव बदलूनही ओळख पटेल अशी, वर्गोवर्गी फिरविणे हा विश्वासघात आहे. आणि दुसऱ्याच्या छापील पुस्तकाची पाने काढून वाटणे याला देणे म्हणत नाहीत. आपण स्वतः केलेले, किंवा ज्याची परवानगी आहे, तेच द्यावे.

आता आमच्यातील एक आक्षेप. "मी घाम गाळून तयार केलेले दुसऱ्याने आयते का घ्यावे?" हा प्रश्न क्षुद्र आहे असे आम्ही म्हणणार नाही. शोधनिबंध लिहिला तर त्याची नोंद होते. उत्तम प्रात्यक्षिक रचले तर त्याची नोंद कोठेच होत नाही. म्हणून ज्याने साधन रचले त्याचे नाव त्यावर राहिले पाहिजे, ज्याने सुधारले त्याचे त्याखाली यावे, आणि महाविद्यालयांनी हे काम शिक्षकाच्या कामगिरीत धरावे. पंगतीत वाढणाऱ्यालाही जेवावयास मिळाले पाहिजे.

आमची सूचना साधी आहे. प्रत्येक जिल्ह्यातील मानसशास्त्राच्या शिक्षकांनी वर्षातून एक दिवस एकत्र यावे. प्रत्येकाने आपले एक चांगले साधन आणि एक फसलेले साधन आणावे. फसलेले अधिक उपयोगी पडेल. जे तपासून टिकेल ते मराठीत लिहून, आधारासह, सर्वांना खुले करावे. यास मोठा निधी नको. एक सभागृह आणि दुपारचे जेवण पुरे.

आणि श्रोतेहो, आपल्याकडे एक मागणे आहे. आपला मुलगा किंवा मुलगी वर्गातून मनाविषयी काही नवल ऐकून आली तर नुसते ऐकून घेऊ नका. "हे कशावरून?" असे विचारा, आणि तिला तो प्रश्न घेऊन आमच्याकडे परत पाठवा. आमच्यापैकी काहींना उत्तर देता येणार नाही. त्या दिवशी आम्ही कपाट उघडून शेजारच्या महाविद्यालयातील मित्राला पत्र लिहू.