शस्त्रक्रिया करणाऱ्या दंतवैद्याचें वेतन

श्रोत्यांपैकीं ज्या कोणाला रुतलेली अक्कलदाढ काढवून घ्यावी लागली असेल, त्याचें लक्ष त्या वेळीं वेदनेकडे होतें. वेदना शमल्यावर तें बिलाकडे गेलें असेल. त्या बिलांतील किती रक्कम प्रत्यक्ष शस्त्र चालविणाऱ्याच्या पदरांत पडते, आणि ती कोणत्या हिशेबानें, हा प्रश्न सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. तरीपण कोणती शस्त्रक्रिया व्हावी व कोणती टळावी, यावर त्या हिशेबाची छाया पडतेच. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत ही गोष्ट फार स्पष्ट दिसते.

तेथें दंतवैद्यकाच्या पदवीनंतर मुखाच्या व जबड्याच्या शस्त्रक्रियेचें शिक्षण निदान ४ वर्षें घ्यावें लागतें. जोडीला वैद्यकाचीही पदवी घेणारास ६ वर्षें लागतात. एवढा काळ घालवून तरुण शस्त्रवैद्य बाहेर पडतो तो बहुधा कर्ज डोक्यावर घेऊनच, आणि तें दोन-तीन लाख डॉलरांचें असणें हें कांहीं नवल नव्हे. स्वतःचा दवाखाना थाटण्याचें बळ नसल्यामुळें पुष्कळजण एखाद्या जुन्या शस्त्रवैद्याकडे सहकारी म्हणून राहतात. आरंभीं ठराविक पगाराची हमी असते. पुढें शेंकडेवारी सुरू होते. कोठें कोठें तर ही हमी म्हणजे केवळ उचल असते व ती पुढील कमाईंतून वळती होते.

शेंकडा किती, हें सर्वजण विचारतात. कशावर शेंकडा, हें थोडे विचारतात. समजा, चार अक्कलदाढा काढण्याचा दवाखान्याचा दर ३,००० डॉलर आहे. विमा-कंपनीशीं ठरलेला दर २,००० डॉलर. आणि रोग्याकडील कांहीं बाकी बुडून हातीं आले १,८००. दरपत्रकावर शेंकडा ३० म्हणजे ९०० डॉलर. वसुलीवर शेंकडा ४० म्हणजे ७२०. मोठा आंकडा लहान ठरला! शिवाय जबड्यांत बसविण्याच्या धातूच्या खुंटाची किंमत आधीं वजा करावयाची कीं मागाहून, यानेंही फरक पडतो. वसुलीवर वाटा पत्करणारा दवाखान्यांतील कारकुनाच्या ढिलाईचा भारही आपल्या शिरावर घेतो. विम्याचे पैसे कित्येक आठवड्यांनीं येतात, म्हणून पहिल्या महिन्यांत काम पुष्कळ व प्राप्ति थोडी. नोकरी सोडतेवेळीं येणें राहिलेल्या रकमेंत त्याचा वाटा आहे कीं नाहीं, हें करारांत लिहिलेलें नसेल तर तंटा ठेवलेलाच.

पुढें भागीदारीचा प्रश्न येतो, व तिच्यासाठीं दवाखान्याच्या नांवलौकिकाचीही किंमत मोजावी लागते. अलीकडे भांडवलवाल्या कंपन्या असे अनेक दवाखाने एका व्यवस्थेखालीं आणूं लागल्या आहेत; तेथें पगाराच्या जोडीला शेअर देऊं करतात.

पण खरें महत्त्व आहे तें निराळ्याच गोष्टीला. भूल देऊन चार दाढा काढणें हें दवाखान्यांत बहुधा तासाभराच्या आंतलें काम. जबड्याची वांकडी ठेवण सरळ करण्याची शस्त्रक्रिया रुग्णालयांत कित्येक तास चालते. आधीं बारीक आंखणी, मागाहून आठवडेच्या आठवडे देखरेख. विमा-कंपन्या तिच्याबद्दल जें देतात तें वेळेच्या मानानें इतकें अपुरें कीं, तीच विद्या वर्षानुवर्षें शिकलेले अनेक शस्त्रवैद्य ती हळूहळू सोडून देतात. हा निव्वळ लोभ म्हणणें अन्यायाचें होईल. कर्जाचा हप्ता दरमहा येतो.

इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्यसेवेंत रुग्णालयांतील तज्ज्ञाची रीत वेगळी. २००३ च्या करारान्वयें पूर्णवेळ तज्ज्ञाचा आठवडा सामान्यतः चार-चार तासांच्या १० भागांत मोजला जातो; दाढा किती काढल्या याचा मूळ पगाराशीं संबंध नाहीं. त्याच सेवेला २००० सालीं सांगण्यांत आलें कीं, रुतलेली पण निरोगी अक्कलदाढ केवळ खबरदारी म्हणून काढूं नये. अमेरिकेंत अशा दाढा आजही पुष्कळ काढतात. या फरकाच्या मुळाशीं शास्त्रीय मतभेद आहेत. सगळा दोष वेतनाच्या माथीं मारतां येत नाहीं. आणि पगारदारीलाही आपलें दुखणें आहेच: अधिक रोगी पाहणाराला अधिक कांहीं मिळत नाहीं, व रोग्यांची रांग लांबच राहते.

अमेरिकेंत शेंकडेवारीची कसोटी लागते ती रात्रीं. अपघातांत जबडा मोडलेला, विमा नसलेला माणूस रुग्णालयांत येतो. वसुली शून्य, तर तिचे शेंकडा ४० म्हणजेही शून्यच. म्हणून कांहीं रुग्णालयें रात्रपाळीसाठीं शस्त्रवैद्याला ठराविक रक्कम वेगळी देतात. जेथें ती मिळत नाहीं, तेथें पाळी घ्यावयास कोणी सहजासहजीं पुढें येत नाहीं, आणि त्या माणसाला मोडका जबडा बांधून दूरच्या शिक्षण-रुग्णालयाची वाट धरावी लागते.