गाण्यातली वासना आणि आपली नजर
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



समितीने आम्हाला 'गाणी आणि संस्कार' असा विषय दिला. आम्ही म्हटलं, आडून कशाला, सरळच बोलू. विषय आहे गाण्यातल्या कामवासनेचा. विहारात हा शब्द काढला म्हणून काहींना अवघडल्यासारखं होईल. पण ज्या गाण्यांवर आपली पोरं मिरवणुकीत आणि हळदीत नाचतात, ती याच दारावरून जातात. दारावरून जाणाऱ्या गोष्टीबद्दल आत बोलायचं नाही, हे काही बरोबर नव्हे.

आम्ही फार शिकलेले नाही. गिरणीत साच्यावर उभे राहिलो, आणि जे काही वाचलं ते तिसरी पाळी सुटल्यावर. साचेखात्यात आवाज इतका की शेजारच्याचं बोलणं ओठांवरून ओळखावं लागे. गाणं ऐकायचं ते खोलीवर. दहा-बारा माणसं, बहुतेकांच्या बायका गावाकडे. अशा वेळी कोणी अण्णाभाऊ साठे यांची 'माझी मैना' ही छक्कड म्हणायला लागला की खोली गप्प व्हायची. त्यात बायकोच्या रूपाचं वर्णन आहे, विरह आहे, ओढ आहे. पण ते ऐकून कोणी शिट्टी मारल्याचं आम्हाला आठवत नाही. ज्याला त्याला आपलं माणूस आठवायचं. त्याच ओढीतून अण्णाभाऊंनी संयुक्त महाराष्ट्राचं दुःख मांडलं. तेव्हा पहिली गोष्ट ही, की ओढ असणं हा गुन्हा नाही.

आता तथागतांकडे येऊ. दीघ निकायात सक्कपञ्ह सुत्त आहे. भगवान राजगृहाजवळच्या इंदसाल गुहेत असताना पंचशिख नावाचा गंधर्व वीणा घेऊन येतो आणि गातो. गाणं कशाचं? भद्दा नावाच्या तरुणीवरच्या आपल्या प्रेमाचं! तिच्या सहवासासाठी आपण कसे तळमळतो, हे तो उघड उघड सांगतो आणि त्यातच बुद्धाचं, धम्माचं, अर्हतांचं नाव गुंफतो. आपल्या विहारात कोणी असं गायला बसला तर? आम्हीच पहिले उठून त्याला बाहेर काढलं असतं. भगवंतांनी मात्र शांतपणे ऐकलं, तारांचा सूर आणि गळ्याचा सूर चांगला जुळतो म्हणून दाद दिली, आणि हे गाणं कधी रचलंस, असं विचारलं. गंधर्व खरे की कल्पित, या वादात आम्ही पडत नाही. ज्या भिक्खूंनी हे सुत्त जतन केलं त्यांनी ते गाणं गाळलं नाही, हे महत्त्वाचं.

मग कोणी विचारील, तृष्णेचं काय? धम्मपदात तण्हावग्ग आहेच. बाबासाहेबांनीही आपल्या धम्मग्रंथात तृष्णेचा त्याग म्हणजे धम्म, असं सांगितलं आहे. खरं आहे. पण तिसरं शील आपण म्हणतो त्यात 'कामेसु मिच्छाचारा' असे शब्द आहेत. त्यातला 'मिच्छाचार' आपण घाईत गिळून टाकतो. संसारी माणसाला काम वर्ज्य सांगितलेला नाही. ज्यात दुसऱ्यावर अन्याय होतो, असा कामाचार वर्ज्य सांगितला आहे. गाण्यालाही हेच माप लावावं, असं आम्हाला वाटतं.

हे माप लावून लावणीकडे बघा. पट्ठे बापूराव (1866 ते 1945) ब्राह्मण घरातले. त्यांची लावणी ज्या पवळेने गाजवली ती आपल्या महार समाजातली. शब्द कोणाचे, देह कोणाचा आणि दौलतजादा उधळणारा हात कोणाचा, याचा हिशोब आपण कधी मांडला काय? नारायणगावच्या विठाबाईंची गोष्ट तमाशाच्या जगात सांगतात. दिवस भरलेले असताना त्या फडावर नाचल्या, पडद्यामागे बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा लोकांपुढे आल्या. समोरच्यांना बाईचा देह हवा होता, त्या देहाला कळा येतात हे नको होतं. आमच्या मते अश्लील काही असेल तर ते हेच.

म्हणून भीमराव कर्डकांसारख्या जलसाकारांचं मोल मोठं. तमाशाचाच साज त्यांनी घेतला, पण लोकांना जागं करायला घेतला.

बंदीने हा प्रश्न सुटत नाही. 1993 साली 'खलनायक' चित्रपटातल्या एका गाण्यावरून देशभर वादंग झाला, प्रकरण न्यायालयात गेलं. गाणं मात्र घराघरात पोचलं. 2005 मध्ये महाराष्ट्रात डान्स बार बंद केले. नाचणाऱ्या बायकांची रोजीरोटी गेली. बघणाऱ्यांचं काय गेलं? 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी अमान्य केली, पण तोवर आठ वर्षं गेली होती.

आता आमची स्वतःची चूक सांगतो. आमच्या गल्लीतली एक मुलगी रविवारच्या धम्मवर्गाला येत असे. नाक्यावरची पोरं तिला बघून एका सिनेमातल्या गाण्याची ओळ म्हणायची. त्यात एक आमचा पुतण्याच. मुलीने वर्गाला येणं सोडलं. आई आमच्याकडे आली, तेव्हा आम्ही शहाणपणा सांगितला, "ताई, तिला मागच्या गल्लीने पाठवा." मुलगी दारातच उभी होती. म्हणाली, "काका, रस्ता मी का बदलू? गाणं त्यांनी बदलावं."

आम्हाला उत्तर सुचलं नाही. त्या रात्री थेरीगाथा काढून सुभा थेरीची कथा पुन्हा वाचली. आमराईत एक लंपट तिची वाट अडवतो, तिच्या डोळ्यांची स्तुती करतो. ती स्वतःचा डोळा काढून त्याच्या हातावर ठेवते. अडीच हजार वर्षं झाली, मंडळी. अजून डोळा मुलीनेच काढून द्यायचा काय?

दुसऱ्या दिवशी आम्ही नाक्यावर जाऊन पोरांजवळ बसलो. ही कथा सांगितली. पुतण्या मान खाली घालून बसला. एकाने विचारलं, "मग गाणं म्हणायचंच नाही का?" आम्ही म्हटलं, "म्हण ना! पण जिच्यासाठी म्हणतोस तिला ते ऐकायचं आहे का, हे आधी बघ. तिने मान खाली घातली, पाऊल उचललं, की ते गाणं राहत नाही, तो दगड होतो."

ती मुलगी आता वर्गाला येते, त्याच रस्त्याने. पण तिचे वर्षभराचे बुडालेले रविवार आम्हाला परत देता येणार नाहीत.

म्हणून विनंती एवढीच. मिरवणुकीत कोणती गाणी वाजवायची हे ठरवायला बसाल तेव्हा त्या बैठकीत मुलींनाही बसवा. आणि घरात गाणं लागलं की नुसता टीव्ही बंद करू नका. पोरांशी बोला. आमच्या पिढीने बोलायचं टाळलं.

एवढे बोलून आम्ही आमचे चार शब्द संपवतो. नमो बुद्धाय, जयभीम!