मोकळी स्मृति व उपयोगी स्मृति



सर्व्हर हा शब्द आतां घराघरांत येऊन पोंचला आहे. बँकेंत जावें तों खिडकीपलीकडून उत्तर येतें, 'सर्व्हर बंद आहे'. शाळेचा निकाल, रेल्वेचें तिकीट, गृहसंस्थेचा हिशेब, सर्वत्र तोच. अशा यंत्राचें काम मंदावलें म्हणजे जाणते म्हणविणारे गृहस्थ येतात, पडद्यावर आंकड्यांच्या दोन ओळी दाखवितात आणि निर्णय देतात, 'मेमरी भरली; नवी घ्या.' ते आंकडे वाचावे कसे, एवढ्यापुरतेंच आज बोलावयाचें आहे. संगणकशास्त्र मी शिकलेलों नाहीं. जन्मभर शाळेंत गणित शिकविलें, आणि आंकडा कोठून व कोणत्या वेळीं आला हें विचारल्यावांचून त्यावर विसंबूं नये, ही संवय तेवढी अंगीं मुरली आहे.

स्मृतीचें माप ध्यानीं यावें म्हणून आपल्याच शहरांतील दाखला घेतों. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत 'टिफ्रॅक' नांवाचा संगणक तयार झाला व १९६० सालीं तो कामास लागला. त्याच्या स्मृतींत २०४८ शब्द मावत. प्रत्येक शब्द चाळीस द्विमान अंकांचा. आठ अंकांची एक बाइट धरली तर सारी बेरीज १०,२४० बाइट होते. आजचे सर्व्हर स्मृति पानांनीं मोजतात, आणि नेहमींच्या यंत्रांत एक पान ४०९६ बाइटांचें असतें. म्हणजे टिफ्रॅकची समग्र स्मृति अवघीं अडीच पानें! १९६४ मध्यें त्याच संस्थेंत सीडीसी ३६०० हें यंत्र आलें. त्याची स्मृति याच हिशेबानें अठ्ठेचाळीस पानें भरते. आज सोळा गिगाबाइटांच्या साध्या सर्व्हरांत एकेचाळीस लक्षांहून अधिक पानें असतात, आणि तरीहि तक्रार तीच कीं जागा पुरत नाहीं.

पानांची युक्ति मँचेस्टरच्या 'ॲटलास' यंत्राची. तें १९६२ मध्यें सुरू झालें. पुढें लहान पण चपळ स्मृति, मागें मोठें पण मंद भांडार. लागेल तें पान पुढें आणावयाचें, न लागेल तें मागें टाकावयाचें. मुंबईकरास हें समजावून सांगण्याची गरज नसावी. आपल्या प्रत्येक खोलीला माळा असतो. दिवाळीचा आकाशकंदील, पाहुण्यांच्या गाद्या, पितळेचें घंगाळ हीं वर. रोजचें तें खालीं. सर्व्हरचा माळा म्हणजे 'स्वॅप'.

आतां पहिला आंकडा. लिनक्स प्रणालींत 'फ्री' ही आज्ञा दिली कीं स्मृतीचा ताळेबंद दिसतो. समजा, एकूण सोळा गिगाबाइट, कार्यक्रमांनीं व्यापलेली पांच, मोकळी अर्धी. पाहणाराच्या पोटांत गोळा उठतो. परंतु उरलेल्या साडेदहाचें काय? ती जागा प्रणालीनें रिकामी न ठेवतां, चकतीवरून एकदां वाचलेल्या मजकुराच्या प्रती तींत ठेवल्या आहेत, कीं पुन्हा कोणीं मागितल्या तर चकतीपर्यंत जावें लागूं नये. ही वर्तमानपत्रांची रद्दी समजा. खोली भरलेली दिसते, पण पाहुणा दारांत उभा राहिला तर गठ्ठा तत्काळ हलवितां येतो. मात्र ज्या प्रतींत नवें लिहिलें गेलें व तें अद्याप चकतीवर उतरलें नाहीं, त्या आधीं उतरवाव्या लागतात; आणि अनेक कार्यक्रमांनीं वांटून घेतलेली सामाईक स्मृति याच सदरांत मोजली जात असली तरी ती रद्दी नव्हे, ती फेंकतां येत नाहीं. हा घोळ निस्तरण्यासाठींच २०१४ मध्यें लिनक्सच्या गाभ्यानें 'उपलब्ध' असा निराळा अंदाज देण्यास आरंभ केला. पाहावयाचा तो आंकडा. 'मोकळी' या रकान्याकडे पाहून घाबरणें म्हणजे भरलेली मांडणी पाहून वाण्याचा धंदा बुडाला असें म्हणण्यासारखें आहे.

आमच्या जोगेश्वरींत एका वाचनालयाच्या समितीवर मी आहें. संध्याकाळीं पुस्तकें देण्याच्या वेळीं तेथला सर्व्हर अडखळूं लागला. वाचक रांगेंत ताटकळत. यंत्र पुरविणाऱ्या गृहस्थांनीं हाच 'मोकळी' रकाना दाखविला व दुप्पट स्मृतीचें दरपत्रक पुढें ठेवलें. पैसे होते ते बालविभागाच्या कपाटांसाठीं वर्गणीदारांनीं दिलेले. माझा एक जुना विद्यार्थी सीप्झमध्यें नोकरीस आहे. त्याच्या सल्ल्यानें आम्हीं रांग लागण्याच्याच वेळीं 'व्हीएमस्टॅट' ही आज्ञा चालविली व दर पांच सेकंदांनीं एक ओळ अशी अर्धा तास नोंद घेतली.

या आज्ञेची पहिली ओळ सोडून द्यावी. यंत्र सुरू झाल्यापासूनची ती सरासरी असते, आणि सरासरींत रात्रीची शांतता व संध्याकाळची गर्दी एकत्र कालवलेली असते. पुढच्या ओळींत 'एसआय' म्हणजे दर सेकंदाला माळ्यावरून खालीं आलेला माल आणि 'एसओ' म्हणजे वर गेलेला. माळ्यावर किती सामान आहे याला फारसें महत्त्व नाहीं. महिनोन्महिने न लागणारें पान वर जाऊन पडलें तर तें शहाणपणच होय. शिडीवर चढउतार किती चालली आहे, तें पाहावें. आमच्या नोंदींत दोन्ही रकाने आरंभापासून शेवटपर्यंत शून्य होते! उलट 'बीआय', म्हणजे चकतीवरून होणारें एकंदर वाचन, फुगलेला. आणि 'डब्ल्यूए', म्हणजे चकतीची वाट पाहण्यांत प्रोसेसरचा गेलेला वेळ, तोहि मोठा. माळ्याशीं संबंध नसतां चकती राबत होती. शोधतां कळलें कीं साऱ्या नोंदींची राखीव प्रत काढण्याचें काम कोणीं तरी नेमकें संध्याकाळीं सहा वाजतां लावून ठेवलें होतें. तें पहांटे तीनवर नेलें. दरपत्रक परत गेलें.

याचा अर्थ स्मृति कधीं कमी पडतच नाहीं, असा कोणीं घेऊं नये. 'एसआय' व 'एसओ' दोन्ही मिनिटामागून मिनिट चढते राहिले, उपलब्ध स्मृति तळाला गेली आणि काम पुढें सरकेना, तर यंत्राचा सारा दिवस शिडीवर चालला आहे असें समजावें. पीटर डेनिंग यांनीं १९६८ मध्यें या अवस्थेची मीमांसा केली: चालू कामांना त्या घटकेस लागणारीं पानें एकत्र मावलीं नाहींत, तर एकासाठीं आणलेलें पान दुसऱ्याचें हुसकून लावतें, आणि तें लगेच परत मागितलें जातें. येथें स्मृति वाढवावी, अथवा एका वेळीं चालणारीं कामें कमी करावीं. दुसरा उपाय फुकट आहे, म्हणून तो आधीं करून पाहावा. २०१८ च्या अखेरीपासून लिनक्समध्यें 'प्रेशर' नांवाची नोंदहि मिळते. कामें स्मृतीसाठीं शेंकडा किती वेळ खोळंबलीं, हें ती सरळ सांगते. माझ्या मतें सामान्य माणसाला सर्वांत प्रामाणिक आंकडा हाच, कारण तो जागा मोजीत नाहीं, खोळंबा मोजतो.

'पेज फॉल्ट' या शब्दानेंहि दचकूं नये. नांवांत दोष असला तरी पुष्कळदां पान स्मृतींतच असतें, केवळ त्याची नोंद जोडावयाची राहिलेली असते; तो किरकोळ प्रकार. चकतीपर्यंत जावें लागतें तो मोठा प्रकार वेगळा मोजतात, आणि विचारावयाचें तें त्याचेंच.

कित्येक जण सांगतात, माळाच काढून टाका. मग कार्यक्रमांची स्वतःची, क्वचित् लागणारीं पानें हलवावयास जागा उरत नाहीं. ओढ बसली कीं प्रणाली चकतीवर मूळ प्रत असलेलीं पानें टाकूं लागते, त्यांत चालू कार्यक्रमांचा मजकूरहि आला. तो पुन्हा पुन्हा वाचावा लागतो, आणि 'एसआय' शून्यच दिसतो. अखेरीस प्रणाली एखादा कार्यक्रम ठार करून जागा करते, आणि तो बहुधा सर्वांत मोठा, म्हणजे आपल्या नोंदवह्या सांभाळणाराच असतो. थोडा माळा असावा.