बेडरूममधली लॅब

गॅरेजमध्ये सुरू झालेल्या कंपन्यांच्या गोष्टी आपण इंजिनिअर लोक खूप ऐकतो. आज बेडरूममध्ये सुरू झालेल्या एका लॅबची गोष्ट सांगतो.

साल १९४०, इटलीतलं तुरिन शहर. रीटा लेव्ही-मोन्ताल्चिनी, वय ३१, डॉक्टरकी शिकलेली, संशोधन मज्जासंस्थेवर. १९३८ मध्ये मुसोलिनीच्या सरकारने कायदा करून ज्यूंना विद्यापीठांतून बाहेर काढलं. रीटा ज्यू. काम बंद.

मग तिने घरातच लॅब थाटली. मायक्रोस्कोप, इनक्युबेटर, शिवणाच्या सुया घासून केलेल्या बारीक सुऱ्या आणि कोंबडीची अंडी. बस्स! तिचे प्राध्यापक जुझेप्पे लेव्ही, तेही ज्यू म्हणून काढलेले, तिच्या हाताखाली काम करायला आले.

प्रश्न काय होता? अंड्यातल्या पिल्लाच्या पायाचा कोंब कापला, की त्या पायाकडे जाणाऱ्या मज्जापेशी खूप कमी दिसतात. का? अमेरिकेतल्या व्हिक्टर हॅम्बर्गरचं म्हणणं होतं की पायाकडून संदेश येत नाही, म्हणून त्या पेशी तयारच होत नाहीत.

आपल्या भाषेत सांगायचं तर, प्रोसेस सुरूच झाली नाही, की सुरू होऊन क्रॅश झाली? शेवटचं आउटपुट दोन्हीकडे सारखंच! रीटाने अख्खा लॉग वाचला. ठराविक अंतराने एकेक गर्भ काढून तपासला. पेशी तयार होत होत्या, वाढायला लागत होत्या आणि मग मरत होत्या. म्हणजे पायाकडून त्यांना जगवणारं काहीतरी मिळत असणार.

तुरिनवर बॉम्ब पडायला लागले, तेव्हा ही लॅब खेड्यातल्या घरात गेली. निबंध छापून आला बेल्जियममध्ये. तो वाचून हॅम्बर्गरनेच तिला बोलावलं आणि १९४७ मध्ये ती सेंट लुइसला गेली. ते ‘जगवणारं काहीतरी’ पुढे सापडलं, नर्व्ह ग्रोथ फॅक्टर. त्यासाठी १९८६ चं नोबेल तिला आणि स्टॅन्ली कोहेनला मिळालं.

आता ‘जिद्द असली की सगळं जमतं’ असं मी म्हणणार नाही. रीटाकडे निदान एक खोली होती. त्याच कायद्याने बाहेर काढलेल्या कितीतरी जणांकडे तीही नसेल.

पण तुमच्यापैकी कुणी पीएचडी संपवून स्वतःची लॅब सुरू करत असेल, तर एवढं बघा. रीटाने आधी प्रश्न नेमका केला, मग त्याच्या मापाची लॅब बांधली. आपण बऱ्याचदा मशीनची यादी आधी करतो.

चला, भेटू पुढच्या भागात!