थंड पाण्यातले पहिले मिनिट



वसंत व्याख्यानमालेत थंड समुद्राचा विषय कशाला, असे आपणांपैकी कोणी विचारील. आमचे शिक्षण कारखान्याच्या फाटकावर झाले. तेथे आम्ही एक गोष्ट शिकलो : अपघाताला नशीब म्हटले की चौकशी संपते. म्हणून कामावर माणूस मेला की आम्ही प्रथम विचारतो, तो मेला कसा?

ब्रिटनच्या किनाऱ्यावरचा लहान होडीवाला घ्या. खेकडे आणि शेवंड धरायला तो हिवाळ्यात भरतीओहोटी पाहून पहाटेच्या काळोखात निघतो. त्याचे पिंजरे एका लांब दोराला बांधलेले असतात. पहिले पिंजरे पाण्यात गेले की दोर भराभर सुटत जातो. त्याच्या वेटोळ्यात पाय सापडला, तर माणूसही पिंजऱ्यांच्या पाठोपाठ जातो. होडीत दुसरे कोणी नसते, आणि अंधारात दुरून कोणी पाहत नाही.

लोक समजतात, तो गारठून मरतो. पुष्कळदा गारठायला वेळच मिळत नाही. कॅनडातील प्राध्यापक गॉर्डन गीसब्रेख्ट यांनी यासाठी १-१०-१ असे सोपे कोष्टक दिले आहे. पहिले १ मिनिट श्वासाचे. थंड पाणी अंगाला लागताच माणूस नकळत जोराने श्वास ओढतो. तोंड पाण्याखाली असेल तर पाणीच ओढतो. पुढची १० मिनिटे हातांची. बोटे चालेनाशी होतात, दोर धरवत नाही, पट्टीचा पोहणाराही थकून बुडतो. गारठून शुद्ध हरपायला मात्र सुमारे १ तास लागतो. तो तास मिळायचा, तर आधी पाण्यावर तरंगत राहिले पाहिजे.

म्हणून लाइफ जॅकेट होडीत असून भागत नाही, ते अंगावर हवे. बाकाखालचे जॅकेट आखडलेल्या बोटांनी कोण चढवणार? पाण्यातून हात पोचेल अशी शिडीही हवी. नाहीतर होडीचा काठ वीतभर दूर असूनही चढता येत नाही.

मग हा माणूस एकटा का जातो? दुसरा गडी घेतला तर माशांतला वाटा द्यावा लागतो, आणि मासे कमी मिळाले तर दोघांचीही चूल पेटत नाही. यात बेफिकिरीपेक्षा हिशेबाचा भाग मोठा आहे.

आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने २००७ साली मासेमारी-कामाचा १८८ क्रमांकाचा करार संमत केला. तो २०१७ मध्ये अमलात आला. पगाराऐवजी वाट्यावर काम करणाऱ्यालाही त्याने कामगार मानले, हा आमच्या दृष्टीने मोठा विजय आहे. पण ज्या होडीत तोच मालक, तोच तांडेल आणि तोच खलाशी, तेथे नियम पाळला की नाही हे रात्री कोण पाहणार?

येथे शेजारधर्म कामी येतो. निघताना किनाऱ्यावर एकाला परतीची वेळ सांगावी; ती टळताच त्याने तटरक्षकांना कळवावे. दोन माणसांची ही सर्वांत लहान संघटना होय. आपल्या कोकणचा समुद्र तितका थंड नाही. पण अंधार तोच आहे, दोर तोच आहे. हर्णैच्या आणि वर्सोव्याच्या आमच्या बांधवांनीही एवढा निरोप घरी न्यावा, अशी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.