चांदवडचा रंगमहाल
मुंबई–आग्रा रस्त्याने नाशिकहून चांदवडास गेल्यावर होळकरांचा जो भव्य वाडा दृष्टीस पडतो, त्याचे रंगमहाल हे नाव भिंतींवरील चित्रांनीच सार्थ केले आहे. अहिल्याबाईंच्या नावाशी निगडित असलेल्या, अठराव्या शतकातील या वास्तूत पौराणिक प्रसंग रंगविणाऱ्या हातांमागे फार प्राचीन परंपरा उभी होती. अजिंठ्याच्या कारागिरांनी पाचव्या शतकात कातळावर माती, भाताचे तूस आणि वनस्पतींचे तंतू यांचा गिलावा चढविला, त्यावर चुन्याचा पातळ थर दिला आणि तो वाळल्यावर गेरू, पिवळी माती, काजळी व दूर वायव्येकडून आलेला निळा राजावर्त यांचे रंग चिकट द्रव्यात कालवून लावले. पेशवाईत भिंती रंगविण्याची हीच हौस लेण्यांतून वाड्यांत आली; वाईजवळ मेणवलीस नाना फडणविसांच्या वाड्यातही ती दिसते. अजिंठ्याची भव्यता येथे शोधू नये. सरदारी बैठकीची ही कला, माझ्या मते, अधिक घरगुती व म्हणूनच अधिक बोलकी आहे. मात्र चुनागच्चीत मुरणारी ओल आणि वरून सफेदी फिरविण्याची आपली उत्साही सवय, या दोहोंपुढे असल्या चित्रांचा निभाव लागणे कठीण.